रिकाम्या आसनाची खोटी साक्ष

गेल्या ऑक्टोबरात तंजावरच्या एका गॅरेजात मी माझी जुनी मोटार घेऊन गेलो, ती एका किरकोळ वाटणाऱ्या तक्रारीसाठी. शेजारच्या आसनावर बसलेली पत्नी त्या दिवशी पट्टा लावायला विसरली होती आणि तिरुचिरापल्ली येईपर्यंत गाडी एकदाही वाजली नव्हती. मेकॅनिकने आसनाखालचा तारांचा जोड बाहेर ओढला, त्यावरची काळी टेप सोडवली आणि काही रुपयांचा एक रेझिस्टर माझ्या तळहातावर ठेवला.

उलगडा सोपा होता. गाडी त्या मॉडेलच्या साध्या प्रकारातली. पुढची आसने मात्र भंगारात निघालेल्या वरच्या प्रकारातली. आधीच्या मालकाने ती हौसेने बसवून घेतली असावीत. जोड जुळेना, तेव्हा कोणीतरी हा तुकडा डकवून वेळ मारून नेली. मी गाडी घेतल्यापासून दोन वर्षे तो गाडीच्या संगणकाला सांगत होता की हे आसन रिकामे आहे. त्याहून गंभीर बाब पुढे होती. आसनाच्या कडेला ‘एअरबॅग’ असे लिहिलेली चिठ्ठी होती आणि आत खरोखरच एअरबॅगही होती. पण तिला आदेश देणारी यंत्रणा माझ्या गाडीत मुळातच नव्हती. त्या चिठ्ठीवर मी विसंबून होतो.

आसन म्हणजे केवळ गादी, ही आपली समजूत आता कालबाह्य झाली आहे. आपल्याकडच्या अनेक सर्वसाधारण गाड्यांत गादीखाली दाब ओळखणारी पातळ चटई असते. तिचे काम पट्ट्याची आठवण करून देण्यापुरते. काही गाड्यांत मात्र हाच संवेदक प्रवाशाचे वजन जोखतो आणि समोरची एअरबॅग फुगवायची की नाही, हे त्यावर ठरते. अशा ठिकाणी गादी, फोम आणि संवेदक एकमेकांशी जुळवलेले असतात. एक बदलला की मापच चुकते. उलट अदलाबदल तर आणखी घातक. वरच्या प्रकारात साधे आसन बसवले की बाजूची एअरबॅग नाहीशी होते, धोक्याचा दिवा लागतो आणि दोन-तीन ओहमचा रेझिस्टर लावून तो विझवता येतो.

योग्य पद्धत अवघड नाही. सुटा भाग त्याच क्रमांकाचा हवा. बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबल्यावरच एअरबॅगच्या पिवळ्या जोडांना हात लावायचा. शेवटी स्कॅनरने दोष तपासायचे आणि वजन जोखणारी यंत्रणा असेल, तर रिकाम्या आसनावर तिचे शून्य नव्याने ठरवायचे.

कायदा येथे कुठे उभा आहे? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. परंतु कायद्याच्या लेखी ‘बदल’ म्हणजे वाहनाचे मूलभूत स्वरूप पालटणारा रचनेतील फेरफार. नोंदणी प्रमाणपत्रावर आसनांची संख्या असते. आसन कोणत्या प्रकारचे, हे नसते. गाडी विकताना भरायच्या २९ व ३० क्रमांकांच्या नमुन्यांतही तो प्रश्न विचारला जात नाही. खासगी मोटारीची सरकारी तपासणी साधारणतः थेट पंधरा वर्षांनी होते. तोवर ती किती हातांतून गेलेली असते!

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये पट्टा न लावलेले १६,७१५ जण अपघातांत मरण पावले. त्यांपैकी ८,३३१ प्रवासी होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाल्यावर मागच्या आसनावरील पट्ट्याचीही चर्चा सुरू झाली. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पट्ट्याचा गजर बंद पाडणाऱ्या क्लिपांची विक्री थांबवण्याचे आदेश पाच ऑनलाइन कंपन्यांना दिले. ते योग्यच झाले. पण क्लिप निदान डोळ्यांना दिसते. आसनाखालचा रेझिस्टर दिसत नाही.

ज्या गावात मी हे लिहितो आहे, तेथील बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर राजराज चोळाने अर्पण केलेल्या दागिन्यांच्या नोंदी हजार वर्षांपासून कोरलेल्या आहेत. सोन्याचे वजन ‘आडवल्लान’ नावाच्या प्रमाणित वजनाने केल्याचे त्यांत नमूद आहे. वस्तू हस्तांतरित होते तेव्हा तिचे वजन आणि ते कशाने केले, हे दोन्ही लिहून ठेवायचे असते, हे त्या कारभाऱ्यांना कळत होते.

जुने भाग वापरूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या वाहन-भंगार केंद्रांच्या नियमांमुळे जुनी वाहने आता नोंदणीकृत केंद्रांत मोडता येतात. तेथून निघणाऱ्या आसनावर मूळ प्रकार आणि सुट्या भागाचा क्रमांक नोंदवावा. बसवणाऱ्या कार्यशाळेने ‘वाहन’ प्रणालीत तशी नोंद करावी. आणि मालकी बदलताना स्कॅनरचा अहवाल सक्तीचा करावा. छोट्या गॅरेजांना यासाठी प्रशिक्षण आणि परवडणारा स्कॅनर मिळाला नाही, तर मात्र हा नियम मोठ्या शोरूमपुरताच उरेल आणि काळी टेप तशीच चालू राहील.

माझ्या मेकॅनिकने मूळ प्रकाराची आसने शोधून आणली आणि रीतसर बसवून दिली. परतताना आम्ही बाजारात थांबलो. मी पुढच्या आसनावर भाजीची पिशवी ठेवली आणि गाडी वाजू लागली. अशाच कटकटीला कंटाळून लोक गजर बंद करतात, हे तेव्हा नीट समजले. मी पिशवी उचलून मागे ठेवली.