सेटिंगची फाइल बदलली, तरी पायथनचा प्रोग्राम ऐकत का नाही?

कॉन्फिग फाइलमध्ये पोर्ट ८००० चा ९००० केला. फाइल सेव्ह केली, प्रोग्राम पुन्हा सुरू केला. तरी तो ८००० वरच चालतोय! पायथन शिकताना ही अडचण अनेकांना येते. यात बहुतेक वेळा फाइल चुकलेली नसते, चुकलेला असतो क्रम.

सेटिंग येते कुठून?

साधारण तीन ठिकाणांहून. कोडमध्ये आधीच लिहिलेलं डिफॉल्ट, कॉन्फिग फाइल आणि प्रोग्राम सुरू करताना कमांडपुढे टाइप केलेली आर्ग्युमेंट्स. रूढ नियम सोपा आहे. डिफॉल्टपेक्षा फाइल मोठी आणि फाइलपेक्षा कमांड मोठी. कारण कमांडमध्ये लिहिलेली गोष्ट माणसाने आत्ता, याच वेळेपुरती सांगितलेली असते.

मग गडबड कुठे होते?

कमांडमधली आर्ग्युमेंट्स वाचायला पायथनमध्ये 'आर्गपार्स' नावाचं मॉड्यूल आहे. २०१० साली आलेल्या पायथन २.७ पासून ते भाषेसोबतच मिळतं. युजरने पोर्ट सांगितला नाही, तर आर्गपार्स स्वतःच डिफॉल्टचा आकडा, म्हणजे ८०००, भरून देतं. आता हा आकडा युजरने टाइप केला की डिफॉल्टमधून आला, हे नुसतं बघून कळत नाही. प्रोग्राम त्यालाच युजरचा हुकूम समजतो आणि फाइलमधला ९००० बाजूला पडतो. एररही येत नाही.

पोर्ट चुकला तर फार तर पेज उघडणार नाही. पण फाइलमध्ये टेस्ट डेटाबेसचं नाव असताना डिफॉल्टमुळे खरा डेटाबेस उघडला आणि त्यातल्या नोंदी पुसल्या गेल्या, तर?

उपाय काय?

कमांड दोनदा वाचायची. पहिल्या फेरीत 'पार्स नोन आर्ग्ज' वापरून फक्त कॉन्फिग फाइल कुठे आहे एवढंच विचारायचं. ही पद्धत अनोळखी आर्ग्युमेंट्सवर अडून बसत नाही. मग फाइल वाचायची आणि त्यातल्या किमती 'सेट डिफॉल्ट्स'ने मुख्य पार्सरला द्यायच्या. दुसऱ्या फेरीत पूर्ण कमांड वाचायची. युजरने काही टाइप केलं असेल तर ते चालेल, नसेल तर फाइलमधलं.

एक काळजी घ्या. पहिल्या पार्सरमधला हेल्पचा पर्याय बंद ठेवा. नाहीतर हेल्प मागितल्यावर तिथेच अर्धवट माहिती दिसेल आणि प्रोग्राम थांबेल.

सगळं जमलं का, हे तपासायला तीनदा चालवून बघा. फाइलशिवाय, फाइलसह, आणि फाइल असताना कमांडमध्ये वेगळा पोर्ट देऊन. तिन्ही वेळा अपेक्षित पोर्ट दिसला, तर क्रम बरोबर लागला.