सोडियमचा चकवा

घरांतील वडील माणसाच्या रक्ततपासणीचा कागद हातीं येतो आणि त्यावर सोडियम १२९ असा आंकडा दिसतो. निरोगी माणसाचें प्रमाण दर लिटरला १३५ ते १४५ मिलिमोल; साहजिकच घरांत घबराट उडते. कोणी मीठ वाढवा म्हणतें, कोणी पाणी तोडा म्हणतें. परंतु रोगी मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगानें पीडित असेल, तर आधीं विचारावें : हा आंकडा खरा आहे काय?

रक्तद्रवांत सुमारें ९३ टक्के पाणी असतें. बाकीचा भाग मुख्यत्वें प्रथिनें व स्निग्ध पदार्थ यांचा. सोडियम राहतें तें पाण्यांतच. मायलोमांत रोगट पेशी एकाच जातीचें प्रथिन बेसुमार निर्माण करूं शकतात व पाण्याची जागा अडते. मोठ्या प्रयोगशाळांतील बहुतेक यंत्रें रक्तद्रव पातळ करून, पाणी नेहमीइतकेंच आहे असें गृहीत धरून हिशेब करतात. दर लिटर पाण्यांत सोडियम १५० असतां ९३ टक्क्यांस १४० भरतें. पाणी ८६ टक्के उरलें कीं तेंच १२९ दिसतें. दगड पडलेल्या भांड्यांत दूध कमी मावतें, पण म्हणून तें पाणचट होत नाहीं.

पातळ न करतां मोजणारें यंत्र खरा आंकडा देतें. खोट्यावर विसंबून पाणी तोडलें, तर या रोगांत आधींच धोक्यांत असलेलीं मूत्रपिंडें अधिक दुखावतात. मात्र सोडियम कधीं खरोखरही उतरतें. म्हणून आंकडा झटकून न टाकतां डॉक्टरांस फेरमोजणीविषयीं विचारावें, हेंच शहाणपण.