पानांची सुरळीची वडी

कडाक्याची थंडी पडली की तुम्ही काय करता? गोधडी अंगाभोवती लपेटून तिची गुंडाळी करता ना? एक झुडूप अगदी हेच करतं, फक्त त्याच्याकडे गोधडी नसते. मग बिचारं स्वतःची पानंच गुंडाळतं!

त्याचं नाव ऱ्होडोडेंड्रॉन. म्हणताना जीभ अडखळते, पण ग्रीक भाषेतला अर्थ साधा आहे : गुलाबझाड. त्याच्या हिमालयातल्या एका भावंडाला उत्तराखंडात बुरांश म्हणतात. ते कसं तोंडात पटकन बसतं!

अमेरिकेच्या पूर्वेकडे, न्यू जर्सीसारख्या भागात, अंगणात आणि उद्यानांत ही झुडपं खूप दिसतात. मे-जूनमध्ये गुलाबी, जांभळे, पांढरे गुच्छ फुलतात आणि सगळे फुलांचेच फोटो काढत सुटतात. मी म्हणेन, पानं बघा. तीही जानेवारीत!

पान चामड्यासारखं जाड, लांबट, हिवाळ्यातही हिरवंच. पारा शून्याजवळ आला की ते मिटलेल्या छत्रीसारखं खाली लोंबतं. पारा शून्याच्या खाली सात-आठ अंश घसरला, की दोन्ही कडा खालच्या बाजूने आत वळतात आणि पानाची होते पेन्सिलीएवढी बारीक सुरळी. खिडकीतून नुसतं झुडपाकडे बघायचं आणि ठरवायचं, आज कानटोपी हवी की नको!

पण हा खटाटोप कशासाठी? पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. गोठवणाऱ्या थंडीत तिथली चूल जवळजवळ विझलेली असते, आणि ऊन मात्र येतच राहतं. शिजवता येत नाही आणि भाजीवाला टोपल्यांवर टोपल्या ओतून जातोय, तशी गत! हे जास्तीचं ऊन पानाला इजा करतं. पान लोंबलं की ऊन कमी लागतं. शिवाय गोठलेलं पान उन्हात एकदम वितळलं तरी आतल्या नाजूक पेशी दुखावतात. सुरळी झालेलं पान सावकाश वितळतं, म्हणून ही युक्ती असावी, असं शास्त्रज्ञांना वाटतं.

(सुरळीची वडी म्हटलं तरी चावून बघू नका हं. ही पानं विषारी असतात.)

तिकडे अमेरिकेच्या पूर्वेकडे तुमची कुणी आत्या किंवा मामा राहतो का? मग येत्या जानेवारीत त्यांच्याकडून एकाच फांदीचे दोन फोटो मागवा : एक गारठलेल्या पहाटेचा, दुसरा ऊन चढल्यावरचा.