सुनावणीविना विसर्जन

राजस्थान मंत्रिमंडळाने २८ डिसेंबर २०२४ रोजी एकाच बैठकीत नऊ जिल्हे आणि तीन महसुली विभाग रद्द केले. अशोक गेहलोत सरकारने २०२३ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, जिल्ह्यांची संख्या ३३ वरून ५० वर नेली होती. भजनलाल शर्मा सरकारने ती ४१ वर आणली. दुदू, केकडी, नीमकाथाना, अनूपगढ, सांचोर हे जिल्हे दीड वर्षही टिकले नाहीत.

जिल्हे मतांसाठी निर्माण झाले की सूडापोटी मोडले, हा वाद पक्षांपुरता आहे. नव्या सरकारने निवृत्त सनदी अधिकारी ललित पंवार यांच्या समितीकडून आढावा घेतला, हेही खरे. मूळ प्रश्न मात्र वेगळा आहे : ज्याला जिल्हा कचेरीसाठी पुन्हा दूरच्या शहराची वाट धरावी लागणार, त्या नागरिकाला निर्णयापूर्वी बोलण्याचा हक्क आहे काय?

७४ व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम २४३-यू सांगते, की नगरपालिका विसर्जित करण्यापूर्वी तिला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे. म्हणजे नगरसेवकांची मुदत संपवायची तर सुनावणी अनिवार्य. जिल्हाच नकाशावरून पुसायचा तर घटना मौन पाळते. दिल्लीच्या तीन महापालिका एकत्र करणारे विधेयक २०२२ मध्ये लोकसभेने ३० मार्चला आणि राज्यसभेने ५ एप्रिलला मंजूर केले. लोकप्रतिनिधींची चर्चा झाली, पण ती दिल्लीकरांची सुनावणी नव्हे.

न्यायालयीन निर्णयांतही एकवाक्यता नाही. हिमाचल प्रदेशातील बलदेव सिंग प्रकरणात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने, ग्रामीण भाग अधिसूचित क्षेत्रात नेण्यापूर्वी रहिवाशांचे ऐकावे, असे म्हटले. दोनच वर्षांनी, कल्याण महापालिकेतून उल्हासनगर वगळण्याच्या वादात, त्याच न्यायालयाने हद्द ठरविणे हे कायदेनिर्मितीच्या स्वरूपाचे कार्य मानले आणि कायद्यात सांगितले असेल त्यापलीकडे सुनावणीचा हक्क नाकारला.

तेव्हा हा हक्क कायद्यातच लिहावा लागेल. तालुक्याच्या ठिकाणी जाहीर सुनावणी, हरकतींसाठी निश्चित मुदत आणि त्या फेटाळल्यास लेखी कारणे, एवढे राज्यांच्या जमीन महसूल कायद्यांत आले तरी पुरे. हे बंधन जिल्हा मोडताना हवे, तसेच तो घोषित करतानाही. निवडणुकीपूर्वीच्या उदारतेला चाप बसला, तर निवडणुकीनंतरच्या कुऱ्हाडीची वेळही क्वचितच येईल.