जादा वजनाचा हिशेब



पूर्वी मोठ्या रेल्वे स्थानकांच्या फलाटावर वजनाचे एक उंच यंत्र उभे असे. त्यावर रंगीत दिवे लुकलुकत. यंत्रावर उभे राहून फटीत नाणे टाकले, की ‘खट्’ असा आवाज होऊन जाड कागदाचे छोटे तिकीट बाहेर पडे. त्यावर तुमचे वजन छापलेले असे आणि सोबत तुमच्या भविष्याविषयी एखादे वाक्यही!

आम्ही सातवीत असताना शाळेच्या सहलीला निघालो होतो. गाडीला वेळ होता, म्हणून वर्गातला एक जाडसर मुलगा त्या यंत्रावर चढला. तिकीट बाहेर येताच आम्ही दोघातिघांनी ते हिसकावले आणि त्यावरचा आकडा फलाटभर ओरडून सांगितला. खूप हशा पिकला. त्याचे भविष्य काय होते, ते कोणी वाचलेच नाही. पुढच्या वर्षी तो सहलीला आला नाही. खेळाच्या तासालाही काहीतरी कारण काढून बाकावर बसून राहू लागला. ओरडणाऱ्यांत मी होतो.

जादा वजनाची किंमत मोजावी लागते, असे सगळेच म्हणतात. पण ती किती? कोण आकारतो आणि कोण भरतो? आज आपण याचा नीट हिशेब मांडू. (किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे, वजनाचे नव्हे, हे तुम्ही शिकला आहात. तरी इथे आपण बाजारातली भाषाच वापरू.)

पहिले बिल : निसर्गाचे

समजा, एखाद्या माणसाचे वजन त्याच्या प्रकृतीला योग्य असलेल्या वजनापेक्षा १० किलोंनी जास्त आहे. तो तीन मजले, म्हणजे सुमारे १० मीटर, जिना चढतो. त्या जादा १० किलोंसाठी त्याला किती कार्य करावे लागेल? तुमचे सूत्र वापरा : १० × ९.८ × १० = ९८० ज्यूल. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा हिस्साच कार्यात वापरू शकतात, बाकीची उष्णता होते. म्हणजे सुमारे ४,००० ज्यूल ऊर्जा खर्च झाली. ही किती? जेमतेम १ किलोकॅलरी! एवढी ऊर्जा चिमूटभर साखरेतून मिळते.

मग जाड माणसाला जिना एवढा जड का जातो? कारण ऊर्जेचा हिशेब हा अर्धाच हिशेब आहे. दुसरा अर्धा बलाचा. पाण्याची बादली हातात धरून कोपर काटकोनात वाकवून पाहा. दंडाचा स्नायू कोपराच्या सांध्याजवळ जोडलेला आहे आणि बादली सांध्यापासून दूर आहे. तरफेच्या नियमाप्रमाणे स्नायूला बादलीच्या वजनाच्या कितीतरी पट बल लावावे लागते, आणि त्या ओढीचा दाब सांध्यावर येतो. गुडघ्याचेही तसेच आहे. गुडघेदुखी असलेल्या वयस्क, स्थूल व्यक्तींच्या चालण्याचा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की वजन १ किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोंनी घटतो.

हाच हिशेब उलट करू. १० किलो जादा म्हणजे प्रत्येक पावलाला सुमारे ४० किलो जादा भार. दिवसाला ५,००० पावले धरली, तर प्रत्येक गुडघ्याच्या वाट्याला २,५०० येतात. गुणाकार करा : १,००,००० किलो, म्हणजे १०० टन! अर्थात हा भार एकदम येत नाही, तो दिवसभराची बेरीज आहे. पण बिजागरी झिजते ती अशीच, थोडी थोडी.

दुसरे बिल : पैशाचे

गुडघेदुखी, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा धोका जादा वजनाने वाढतो. मधुमेहाचेच पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. त्या सर्वांना तो वजनामुळेच झाला असे नव्हे, पण वजन हे त्याचे एक मोठे कारण आहे.

समजा, एका घरात औषधे व तपासण्यांवर महिन्याला १,५०० रुपये खर्च होतात. वर्षाचे १८,००० झाले, आणि महागाई न धरताही वीस वर्षांचे ३,६०,०००. याशिवाय दवाखान्यात गेलेल्या दिवसांची बुडालेली मजुरी आणि सोबत गेलेल्या माणसाचीही बुडालेली मजुरी! पहिल्या खर्चाला अर्थशास्त्रज्ञ प्रत्यक्ष खर्च म्हणतात, दुसऱ्याला अप्रत्यक्ष. सगळ्या जगाची अशी बेरीज करून जागतिक स्थूलता महासंघाने २०२३ साली अंदाज वर्तवला, की २०३५ पर्यंत हा भार वर्षाला ४ लाख कोटी डॉलरांच्या पुढे जाईल. म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ ३ टक्के.

विमानांचे उदाहरण तर मजेदार आहे. १९९० ते २००० या दशकात अमेरिकी माणसाचे सरासरी वजन सुमारे १० पौंडांनी, म्हणजे साडेचार किलोंनी वाढले. तेवढे जादा ओझे उचलण्यासाठी तिथल्या विमानांना २००० या एका वर्षात अंदाजे ३५ कोटी गॅलन इंधन जास्त जाळावे लागले. त्याचा खर्च आला साडेसत्तावीस कोटी डॉलर! हे पैसे कोणी भरले? बारीक आणि जाड, सर्वांनीच. पुढे २०१३ साली सामोआ एअर या छोट्या कंपनीने प्रवाशाला सामानासकट तोलून किलोमागे भाडे घ्यायला सुरुवात केली. यावरून बराच वाद झाला. विमानाच्या दृष्टीने किलो तो किलोच. पण माणूस म्हणजे पोते आहे का?

काटा काय सांगत नाही

हा प्रश्न आपल्याला पुढच्या मुद्द्यावर आणतो. ‘वजन जास्त’ म्हणजे ‘आळशी आणि खादाड’, असा निष्कर्ष आपण चटकन काढतो. तो विज्ञानाच्या कसोटीला उतरत नाही.

वजनाला उंचीच्या वर्गाने भागले, की ‘बॉडी मास इंडेक्स’ मिळतो. वजन ६४ किलो, उंची १.६० मीटर, तर ६४ ÷ २.५६ = २५. मात्र वाढत्या वयाच्या मुलामुलींना प्रौढांच्या मर्यादा लावायच्या नसतात. त्यांच्यासाठी वयानुसार वेगळे तक्ते आहेत. आणि प्रौढांतही हा आकडा सगळे सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन यूडकिन या दोघा संशोधकांनी स्वतःचीच मोजमापे २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापली. दोघांचा निर्देशांक अगदी सारखा होता, २२.३. पण यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडपातळ. आईच्या पोटात असतानाचे पोषण, आनुवंशिकता, झोप, घराजवळ मैदान आहे की नाही, खिशातल्या पैशात काय विकत मिळते, अशा कितीतरी गोष्टी शरीर घडवतात. त्यांतल्या पुष्कळशा त्या माणसाच्या हातात नसतात.

तिसरे बिल : आपण लावलेले

१९६१ साली अमेरिकेत दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा चित्रे दाखवण्यात आली. एक धडधाकट मूल, एक कुबड्या घेतलेले, एक चाकांच्या खुर्चीतले, एकाला हाताचा पंजा नाही, एकाचा चेहरा विद्रूप, आणि एक जाड. सर्वांत जास्त कोण आवडते, त्या क्रमाने लावा, असे सांगितले. जाड मुलाचा क्रमांक शेवटचा आला. सुमारे चाळीस वर्षांनी तोच प्रयोग पुन्हा झाला. तोवर जाड माणसांची संख्या खूप वाढली होती, म्हणून नावडही कमी झाली असेल असे वाटावे. पण ती वाढलेलीच आढळली!

आणखी एक अभ्यास २०१४ सालचा. दहाव्या वर्षी ज्या मुलींना ‘तू फार जाड आहेस’ असे कोणी ना कोणी ऐकवले होते, त्या एकोणिसाव्या वर्षी स्थूल असण्याची शक्यता इतर मुलींपेक्षा जास्त आढळली. मूळचे वजन हिशेबात धरून वजा केले, तरीही. अशा पाहणीतून कार्यकारणभाव पुरता सिद्ध होत नाही, हे खरे. पण तो कसा असू शकेल, हे समजायला आपले नेहमीचे एक उदाहरण पुरेसे आहे.

शाळेच्या स्नेहसंमेलनात माईक कर्ण्यासमोर नेला, की ‘कुईंऽऽ’ असा कर्कश आवाज होतो ना? कर्ण्यातला आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. चिडवण्याचेही असेच चक्र असते. चिडवले की मूल मैदानावर येणे टाळते, खेळ कमी होतो, वजन वाढते, आणि मग आणखी चिडवले जाते. म्हणजे तिसरे बिल पहिल्या दोन्ही बिलांची रक्कम वाढवते.

पहिले बिल गुरुत्वाकर्षणाचे आहे, ते कोणाला माफ होत नाही. दुसरे कमी करायला मैदाने, चालण्याजोगे रस्ते, शाळेजवळ वडापावाच्या जोडीला स्वस्त फळे, असे पुष्कळ काही लागते, आणि त्याला वेळ लागेल. तिसरे मात्र कोणत्याही सूत्रातून निघत नाही. ते आपण लावतो, आणि ते आजच रद्द करता येते. खर्च शून्य!

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. आरोग्य तपासणीच्या वेळी वजनाचे आकडे वर्गात मोठ्याने वाचू नका. ते वहीत लिहा आणि ज्याचे त्यालाच सांगा. आणि मित्रांनो, संघ निवडताना जो नेहमी शेवटी उरतो, त्याला उद्या पहिल्यांदा बोलावून पाहा. महिनाभराने मैदानावर किती जण जास्त दिसतात ते मोजा. हाही एक प्रयोगच आहे.

माझ्या त्या वर्गमित्राचे तिकीट आम्ही फलाटावरच फेकून दिले. त्यावरचा वजनाचा आकडा मला अजून आठवतो. त्याच्या भविष्याचे वाक्य मात्र आम्ही वाचायलाच हवे होते.