'सिस्टर' म्हणजे नेमकी कोण?

पांढऱ्या कपड्यांतली कुणीही दिसली, की आपण 'सिस्टर' अशी हाक मारतो. पण भगिनींनो, हाकेने कुणी परिचारिका होत नाही! त्यासाठी नर्सिंगचे रीतसर शिक्षण आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी लागते. त्यापुढचीही एक पायरी आहे. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुभवी, नोंदणीकृत परिचारिकेने दीड वर्षाचे खास प्रशिक्षण पुरे केले, की ती 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी' होते. सरळ बाळंतपण ती स्वतःच्या जबाबदारीवर करते. अडचण दिसली, तर डॉक्टरांना बोलावते. म्हणून बाळंतिणीसाठी किंवा सासूबाईंसाठी घरी नर्स ठेवताना पगार ठरवण्याआधी नोंदणी क्रमांक विचारा. त्यात संकोच कसला? मेहनतीने शिकलेली सिस्टर तो अभिमानानेच सांगेल!