कामगारांचे स्वास्थ्य आणि विद्यापीठासह संशोधन

जालन्याची ओळख दोन गोष्टींनी होते : बियाणे आणि लोखंडी सळई. १९६४ साली महिकोची स्थापना झाली आणि बियाणे उद्योग येथे रुजला. पुढे औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळई करणाऱ्या भट्ट्या उभ्या राहिल्या. या दोन्ही ठिकाणचे श्रमिक आमच्याकडे नित्य येतात. मूत्रदाह, आम्लपित्त, कटिशूल, निद्रानाश ही त्यांची लक्षणे वैद्यबांधवांना परिचितच आहेत. चूर्ण-काढ्याने उपशय मिळतो आणि पंधरा दिवसांनी तोच रुग्ण तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभा राहतो. हेतू कारखान्यात आणि चिकित्सा दवाखान्यात, अशी ही स्थिती आहे. त्यामुळे विद्यापीठाच्या एका विभागाने कार्यस्थळावरील स्वास्थ्याविषयी संयुक्त संशोधनाचा प्रस्ताव मांडला, तेव्हा आम्ही काही वैद्यांनी तो आनंदाने स्वीकारला. निष्कर्ष मांडण्याची वेळ अद्याप आलेली नाही. प्रस्तुत लेख प्रकल्प चालवण्याविषयी, विशेषतः आमच्या हातून झालेल्या चुकांविषयी आहे.

८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ रेल्वेमार्गावर थकून झोपलेले १६ श्रमिक मालगाडीखाली मृत्युमुखी पडले. टाळेबंदीत काम थांबल्याने जालन्यातून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे ते पायी निघाले होते. आमच्या भट्ट्यांवर कोण राबते, हे त्या दिवशी साऱ्या देशाला समजले. आम्हाला तर ते आधीपासून ठाऊक असायला हवे होते. तरीही आमच्या प्रश्नावलीचा पहिला मसुदा केवळ मराठीत तयार झाला! बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या कामगाराने तो कसा वाचावा, हा प्रश्न बैठकीत कोणाही वैद्याने विचारला नाही. तो विचारला विद्यापीठातील एका तरुण संशोधक विद्यार्थिनीने.

चरकाचार्यांनी विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे संधाय आणि विगृह्य असे दोन प्रकार सांगितले आहेत. आमच्या पहिल्या काही बैठका निःसंशय दुसऱ्या प्रकारात मोडतात. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ मधील पाच विधानांची प्रश्नावली पुरेशी वाटत होती, तर आम्हाला दशविध परीक्षेवाचून पाऊल टाकणे मान्य नव्हते. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकच विचारले : एकाच कामगाराची प्रकृती दोन वैद्यांनी स्वतंत्रपणे ठरवली, तर उत्तर एकच येईल काय? आम्ही रुष्ट झालो, हे प्रांजळपणे नमूद करतो. परंतु २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, प्रकृती आणि जनुके यांविषयीच्या बहुसंस्थात्मक अभ्यासातही ३,४१६ पुरुषांची तपासणी करून अखेरीस २६२ जणांचीच निवड झाली होती आणि वैद्यांचे निदान संगणक-प्रणालीशी ताडून पाहिले होते. एवढी काटेकोर चाळणी त्यांनी लावली, मग आम्हीच का रागवावे? त्यानंतर आम्ही परस्परांची निदाने न पाहता नोंदी करू लागलो. मतभेद निघाले, ते लपवायचे नाहीत असे ठरले.

खरा धडा मात्र पूर्वचाचणीच्या दिवशी मिळाला. एका कारखान्यात पाळी सुटताना आम्ही टेबल मांडून बसलो. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्या संमतिपत्रावर अंगठ्यासोबत निःपक्ष साक्षीदाराची सही लागते. आम्ही ती मुकादमाकडून घेतली, कारण तो जवळच उभा होता. सारे अर्ज तासाभरात भरून झाले. काम आवडते काय? होय. झोप लागते काय? होय. कसली तक्रार? काही नाही. विद्यापीठाचे सहकारी समाधानी दिसले आणि आम्हीही चहा घेऊन निघालो. दोन दिवसांनी त्यांपैकीच एक कामगार दवाखान्यात आला. भट्टीसमोरून पाळीत हलता येत नाही म्हणून तो पाणी कमी पितो, लघवी रोखून धरतो आणि आता मूत्रमार्गात दाह होतो, असे त्याने सांगितले. मग त्या दिवशी का नाही सांगितले, असे विचारताच तो हसून म्हणाला, “साहब, मुकादम खड़ा था.”

ते सर्व अर्ज आम्ही बाद केले. विद्यापीठाच्या सहकाऱ्यांना ते जड गेले, कारण वेळापत्रक आणि निधी त्यांच्या माथी होते. परंतु त्यांनी मान्य केले. नीतिसमितीलाही लेखी कळवले. आता प्रश्न कारखान्याच्या फाटकाबाहेर विचारले जातात आणि मुकादम, ठेकेदार वा मालकाचा माणूस साक्षीदार म्हणून चालत नाही.

त्या एका रुग्णाने प्रश्नावलीतही भर घातली. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात १३ अधारणीय वेग सांगितले असून मूत्रवेग त्यांत आहे. कामाच्या जागी वेगधारण घडते काय, हा प्रश्न पाश्चात्त्य प्रश्नावलीत नव्हता. लज्जेचे म्हणावे तर आमच्या मसुद्यातही नव्हता. बियाणे निवडण्याच्या कामावरील स्त्रियांना तो विचारण्यासाठी स्त्रीवैद्यच हवी, हेही ओघाने आले. पाच विधानांपैकी ‘उठल्यावर ताजेतवाने वाटते’ या विधानाच्या आमच्या भाषांतरात ‘सकाळी’ हा शब्द घुसला होता. रात्रपाळीचा कामगार विचारी, सकाळी आम्ही झोपतो, मग कोणती सकाळ? तो शब्द काढला. रात्री जागरण झाल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी उपाशीपोटी झोपावे, असे अष्टांगहृदयात सांगितले आहे. त्यामुळे कामावरून परतल्यावर आधी जेवण की आधी झोप, हा प्रश्न आम्ही जोडला. मानसशास्त्राच्या प्राध्यापकांना तो विशेष आवडला.

मालकवर्गाविषयी दोन शब्द. परवानगी देताना एका ठिकाणी सौम्य शब्दांत मागणी झाली की, कोण अशक्त, कोणास झोपेचा त्रास, याची यादी मिळावी. इंग्लंडमधील शासकीय नोकरांवर १९६७ पासून झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासाने दाखवले की, पदश्रेणी जितकी खालची, तितके हृद्रोगाने मृत्यूचे प्रमाण अधिक. असे ज्ञान समूहाच्या आकड्यांतून मिळते, त्यासाठी नावे लागत नाहीत. भट्टीवरील ठेक्याच्या कामगाराचे नाव यादीत गेले, तर दुसऱ्या दिवशी त्याची रोजी जाऊ शकते. आम्ही नकार दिला आणि तो कारखाना गमावला. नावे व क्रमांक जोडणारी वही आता विद्यापीठात कुलपात असते. आम्हा वैद्यांनाही ती पाहता येत नाही, आणि तेच योग्य आहे.

औषधनिर्माते व औषधालयचालक बंधूंकडून विनामूल्य औषधपुरवठ्याचे प्रस्ताव आले. त्यांच्या सद्भावनेविषयी शंका नाही. तथापि सध्याचे काम केवळ निरीक्षणाचे आहे. औषध दिले की ती चिकित्साचाचणी होते, तिची स्वतंत्र मान्यता आणि पहिला रुग्ण घेण्यापूर्वी राष्ट्रीय नोंदणी हवी. वेष्टनावर ‘विद्यापीठात सिद्ध’ असे छापण्याची घाई तर कोणीही करू नये, ही विनंती.

पुढील फेरी ग्रीष्मात आहे. त्या ऋतूत दिवास्वाप शास्त्रसंमत असला, तरी पत्र्याच्या खोलीत दुपारी झोप कशी लागते, हे पाहण्यासाठी आम्ही कामगारवस्तीत जाणार आहोत. हिंदी उत्तम बोलणारे आणि दोन रविवार देऊ शकणारे वैद्य, विशेषतः वैद्यभगिनी, आम्हाला हव्या आहेत. मानधन नाही. चहा फाटकाबाहेरच्या टपरीवर मिळेल.